आठवणींची रंगीत तालीम

माणूस ज्या जागेला जीव लावतो, त्या जागेला तो इजा होऊ देत नाही.

हे वाक्य दातांच्या डॉक्टरांनी नाट्यमंडळाच्या बैठकीत उभं राहून, उजवा हात छातीवर ठेवून म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाक्य चांगलंच होतं. नुकतंच डॉक्टरांनी आपलं बाथरूम नवं करून घेतलं होतं आणि जुना गुलाबी कमोड सोसायटीमागच्या तळ्याच्या काठावर नेऊन टाकला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणाचं वाक्य चालू असताना त्याचा कमोड काढायचा नसतो, एवढी शिस्त मंडळात होती.

शिवाय वाक्य डॉक्टरांचं नव्हतंच. ते त्यांना मागून, पाण्याच्या पिंपाआडून, कुजबुजेंनी पुरवलं होतं.

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर होतं आणि बिलापुरतंच उरलं होतं. नोकरी ग्रंथालयात, तीही वाचनकक्षात. भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी आणि पाटीखाली हे. संध्याकाळी नाट्यमंडळात प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची, आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य अशा बेताने सांगायचं की नटाच्या कानात जावं आणि पहिल्या रांगेच्या जाऊ नये. घरी बायकोला अर्धशिशी. “अहो, हळू” असं ती संसारात इतक्या वेळा म्हणाली होती की हल्ली शब्दही वाया घालवायची नाही, नुसतं कपाळाला बोट लावायची. मग कुजबुजे कप बशीत ठेवताना श्वास रोखून धरायचे.

मंडळाची यच्चयावत नाटकं त्यांना तोंडपाठ होती. पदच्युत राजा, दारुडा वकील, सुनेला छळणारी सासू, सगळे त्यांच्या पोटात एकत्र राहत होते आणि बाहेर यायला धडपडत होते. त्यांना मोकळं सोडायला भूतलावर जागा नव्हती.

एकच होती. सोसायटीमागच्या तळ्याचा पलीकडचा काठ.

तळ्याबद्दल चार शब्द चांगले बोलावेत असं त्यात फारसं काही नव्हतं. अर्ध्या भागावर जलपर्णी, उरलेल्या अर्ध्यावर सोसायटी. म्हणजे सोसायटीच्या पिशव्या, बाटल्या, फाटक्या गाद्या, आणि कुणाच्या तरी मुलाची पाय तुटलेली तीनचाकी सायकल. वास असा की खिडक्या मागच्या बाजूला असलेले फ्लॅट स्वस्त होते. पण पलीकडे पाणकणसांचं दाट रान माजलं होतं. कुजबुजे रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या रानाआड जायचे, पाय रोवून उभे राहायचे, छाती भरून घ्यायचे आणि राजा व्हायचे. खणखणीत. गळ्याच्या शिरा फुगवून. पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकून तळ्यातल्या पाणकोंबड्या जीव घेऊन पळाल्या होत्या. पुढे त्या दचकायच्या थांबल्या. त्यानंतर राजाचं सिंहासन गेलं की त्या पिल्लांना घेऊन उघड्यावर यायच्या आणि त्याच्या आक्रोशात शांतपणे चरायच्या. मंडळाच्या कुठल्याही नाटकाला इतका टिकून राहणारा प्रेक्षक मिळाला नव्हता.

हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला वाटायचं, साखर वाढलीय म्हणून चालायला जातात.

वाईट बातमी आणली पेंटरने. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा आणि मंडळाचं नेपथ्य हा त्याचा छंद. त्या बैठकीला तो मिशांवर रंग घेऊनच आला.

“मला ऑर्डर मिळालीय,” तो म्हणाला. “‘वाहनतळ’. मोठ्ठी अक्षरं, निळ्यावर पांढरी. लावायची कुठे विचारलं तर म्हणाले, तुमच्या मागच्या तळ्यावर. भराव टाकून सपाट करणारेत.”

“उत्तम!” डॉक्टर म्हणाले. “पेशंट गाडी लावायला जागा शोधतात तोवर त्यांचा दात दुखायचा थांबतो. मग घरी जातात.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुजबुजे सोडून.

“पण एक गोम आहे,” पेंटर म्हणाला. “तळी-तलाव खात्याचे साहेब रविवारी येणारेत. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांना शिकवलंय की लोकांचा जिथे जीव गुंतलेला असतो, ती जागा लोक आपणहून सांभाळतात. तेव्हापासून साहेब पछाडलेत. ज्या तळ्यात लोकांचा जीव गुंतलाय ते राखायचं, बाकीची बुजवायची. कागद नकोत, अर्ज नकोत म्हणतात. लोकांनी समोर उभं राहून सांगायचं, शेवटपर्यंत ऐकून घेणार.”

“आपला कुठे काय गुंतलाय त्या तळ्यात?” डॉक्टर म्हणाले.

“तुमचा कमोड गुंतलाय की,” पेंटर म्हणाला, आणि बैठक हसण्यात बुडाली.

त्या हसण्यात कुजबुजे उभे राहिले. त्यांना सांगायचं होतं की तळं गेलं तर आपण संपलो. तोंड उघडलं, ओठ हलले, आणि जे बाहेर आलं ते शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नाही. शेजारच्याने त्यांना सरकून बसायला जागा करून दिली. त्याला वाटलं, तेच म्हणतायत.

मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. हळूच उठून डॉक्टरांच्या खुर्चीमागे पाण्याचं पिंप होतं तिथे गेले, वाकले आणि कुजबुजले, “साहेब शेवटपर्यंत बसणार.”

डॉक्टरांना इतक्या वर्षांची सवय. मागून जे येईल ते पुढे म्हणायचं. “साहेब शेवटपर्यंत बसणार!” ते गरजले. आणि मग आपण काय बोललो याचा त्यांनी विचार केला.

सगळ्यांना मागचा प्रयोग आठवला. मंडळाच्या मागच्या नाटकाला मध्यंतरानंतर जो एक माणूस उरला होता तो झोपलेला निघाला होता, आणि त्याला उठवायला आलेला त्याचा मुलगाही नाटक न बघताच त्याला घेऊन गेला होता. डॉक्टरांच्या सख्ख्या आईने ‘गॅस चालू राहिलाय’ असं सांगून सभागृह सोडलं होतं. तिच्याकडे इंडक्शनची शेगडी होती.

“सरकारी माणूस आहे, उठून जाता येत नाही,” पिंप म्हणालं.

“सरकारी माणूस आहे! उठून जाता येत नाही!” डॉक्टरांचा चेहरा उजळला. “अरे, म्हणजे हा प्रेक्षक आहे! हक्काचा प्रेक्षक!”

“आणि रंगमंच तळ्याचा.”

“आणि रंगमंच... कुणी म्हटलं? हां, तळ्याचा! मंडळी, मला सुचलंय. आपण सगळ्यांनी आठवणी सांगायच्या. आपलं बालपण, आपलं प्रेम, आपलं सर्वस्व या तळ्याकाठी गेलंय!”

“डॉक्टर, तुम्ही इथे राहायला येऊन किती वर्षं झाली?” पेंटरने विचारलं.

“अभिनय कशाशी खातात तुला माहीत आहे का?” डॉक्टर म्हणाले, आणि मग हात छातीवर नेऊन त्यांनी ते जीव लावण्याचं वाक्य म्हटलं. पिंपामागे कुजबुजेंच्या छातीत असा ढोल वाजत होता की त्यांना वाटलं, हा तरी नक्की पहिल्या रांगेत ऐकू जाणार.

दुसऱ्या दिवशीपासून तळ्यावर तालमी सुरू झाल्या. काय ती धमाल! संहिता कुजबुजेंनी लिहिली आणि श्रेय डॉक्टरांनी घेतलं, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे होतं. डॉक्टरांच्या वाट्याला आठवण आली ती वडिलांची: वडील त्यांना या तळ्यात पोहायला शिकवत असताना ते बुडता बुडता वाचले. डॉक्टरांचे वडील हयातीत बादलीपलीकडे पाण्यात उतरले नव्हते. मंडळाच्या कायमच्या नायिका, ज्यांना पांढऱ्या केसांनिशी सगळे ‘वहिनी’ म्हणत आणि विग लावल्यावर ‘ताई’ म्हणत, त्यांना मिळाली प्रेमाची आठवण.

“इथेच, या काठावर, त्याने मला पहिलं फूल दिलं,” वहिनी म्हणाल्या. आवाज कापला, मान कलली. झकास.

“तो कोण?” मागून आवाज आला. वहिनींचे यजमान त्यांना घरी न्यायला आले होते.

“अहो, नाटकातला आहे.”

“नाटकातला म्हणजे? नाटकात काम करणारा?”

“अहो, खोटा आहे! तो नाहीच!”

“आज नाही ते समजलं. तेव्हा कोण होता?”

ही चौकशी पुढे कित्येक दिवस चालली. पण खरी भानगड वेगळीच झाली. वहिनी फुलाचं वाक्य म्हणायला पाण्याकडे वळल्या की डोळ्यांसमोर दुधाची फुगलेली पिशवी यायची. भाव यायचाच नाही. तीनचारदा अडखळल्यावर त्या चिडल्या, पदर खोचला, कुठूनशी काठी पैदा केली आणि पिशवी बाहेर ओढली. मग तिच्यामागची दुसरी दिसली. मग गादी दिसली.

“हे बघा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “माझ्या प्रेमाच्या जागेवर मी गादी खपवून घेणार नाही. लोक काय म्हणतील?”

एकीने आपली जागा साफ केली म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात होय! प्रत्येकाला आपली आठवण शेजाऱ्याच्या आठवणीपेक्षा स्वच्छ हवी होती. डॉक्टरांनी ‘मी जिथे बुडालो’ ती जागा आखून घेतली आणि तिथली जलपर्णी स्वतःच्या हाताने उपटली. दाताला चिमटा लावून ओढतात तशी, “थोडं दुखेल हं” असं म्हणत. एकाने तीनचाकी सायकल बाहेर काढली आणि ती आपलीच लहानपणीची असल्याचं जाहीर केलं. ती गुलाबी होती आणि तिच्यावर कंपनीने छापलेलं साल त्याच्या लग्नानंतरचं होतं, पण त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं दिसत होतं.

आठवडा सरायच्या आत गोष्ट हाताबाहेर गेली. सगळे आपापली आठवण तालमीबाहेरही सांगू लागले. वाण्याकडे, लिफ्टमध्ये, दवाखान्यात. डॉक्टर पेशंटच्या तोंडात यंत्र घालून वडिलांच्या पोहण्याचं सांगायचे आणि पेशंट हुंकार द्यायचे, कारण दुसरं काही देता येत नव्हतं. एके संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सवयीने पिशवी तळ्याकडे भिरकावली, तर खाली एकच गिल्ला झाला.

“कोण आहे रे तो? लाज नाही वाटत?”

“आमच्या वडिलांनी जीव धोक्यात घातलाय त्या पाण्यात!”

पिशवीवाला खाली आला, पाण्यात उतरला, पिशवी काढली आणि माफी मागितली. तो वहिनींचा यजमान होता. म्हणे, त्याने ती मुद्दामच फुलाच्या जागेवर नेम धरून टाकली होती.

कुजबुजे हे सगळं पाणकणसांआडून बघत होते आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आपण पुरवलेली वाक्यं, हळू आवाजातली, लोकांच्या अंगात शिरून गुडघाभर चिखलात उतरत होती! रात्री घरी गेले की ते बायकोला पुटपुटत सांगत, “आज पाणी दिसलं. चक्क पाणी. पलीकडचा काठ त्यात दिसतो.”

“तुम्हाला का एवढं भरतं आलंय?” बायको उशीवर डोकं दाबून म्हणायची. “तुमची तर काही आठवणही नाही त्यात.”

यावर कुजबुजे गप्प बसायचे. गप्प बसण्याचा सराव होताच.

राहता राहिला कमोड. तो नेमका मोक्याच्या जागी, काठावरच्या एकुलत्या एका सपाट तुकड्यावर, चिखलात निम्मा रुतून बसला होता. पेंटर, डॉक्टर आणि वहिनींचे यजमान तिघे मिळून भिडले. कमोड ढिम्म हलेना. सगळ्या सोसायटीत त्याच्याइतका त्या जागेत कुणाचाच जीव गुंतला नव्हता.

“पण टाकताना तुम्ही तो एवढा आत कसा रोवलात?” पेंटर घाम पुसत म्हणाला.

“मी नाही, मजुरांनी टाकला,” डॉक्टर म्हणाले. “मी फक्त पैसे दिले.”

“बरं, ऐका. रंगभूमीवर जे हलत नाही त्याला नेपथ्य म्हणतात. माझ्यावर सोडा.”

मंडळाची हीच तर खासियत. दुसऱ्या कुणी फावडं आणलं असतं, पहार आणली असती, फार तर आणखी चार माणसं बोलावली असती. यांनी खळ आणली. पेंटरने कमोडवर तारेची जाळी बसवली, तिच्यावर रद्दी आणि खळीचे थर चढवले आणि वाळल्यावर रंगकाम केलं. काळसर करडा खडक, एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला शेवाळ, मध्ये एक बारीक तडा. काम असं उतरलं की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सरडा येऊन बसला. डॉक्टर मागे सरकून बघत राहिले. “माझा आहे हे सांगूनही पटणार नाही,” ते अभिमानाने म्हणाले.

रविवार उजाडला. सगळी सोसायटी काठावर. कुजबुजे संहिता घेऊन पाणकणसांच्या रानात, घोट्याच्या वर चिखलात, आपल्या नेमक्या जागी. आज एकाही नटाने एकही वाक्य विसरता कामा नये.

साहेब आले. शिडशिडीत, शर्टाच्या खिशाला पेन, आणि दोन्ही गुडघे दुखत असल्यासारखी चाल. डॉक्टरांनी दवाखान्यातली गादीची खुर्ची पुढे केली.

“नको,” साहेब म्हणाले. “खुर्चीत बसलं की माणूस खुर्चीसारखं ऐकतो. मी उभा राहून ऐकेन.” आणि एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभे राहिले.

वहिनींनी सुरुवात केली. अंगावर काटा येईल असं बोलल्या. “इथेच, या काठावर, त्याने मला पहिलं फूल दिलं.”

“कुणी?” साहेबांनी विचारलं.

हे संहितेत नव्हतं. वहिनींनी रानाकडे बघितलं. कुजबुजे पानं उलटू लागले, पण पानांवर काय असणार! गर्दीत यजमान टाचा उंचावून उभे होते. वहिनींनी हात उचलला आणि थेट त्यांच्याकडे बोट केलं. “यांनी.”

“मी?” यजमान म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू पसरत गेला. “हो. मीच की! अगं, पिवळं होतं ना?”

“पिवळंच होतं,” वहिनी म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा पुसला.

मग डॉक्टर. पाय रोवले, हात पसरले आणि असा आवाज लावला की तळ्यावरचा प्रत्येक पक्षी उडाला. “माझे वडील! या पाण्यात! मला छातीशी धरून! मी...”

आणि थांबले. डोळे मोठे झाले. कोरे. कुजबुजेंनी असे डोळे आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी पुरवलं, “बुडता बुडता वाचलो.” डॉक्टरांच्या कानात गेलं नाही. पुन्हा पुरवलं. छे. साहेब गुडघा बदलून उभे राहिले, घड्याळाकडे त्यांची नजर गेली, आणि कुजबुजेंच्या डोळ्यांसमोर ती निळ्यावर पांढरी पाटी उभी राहिली. त्यांचा आवाज त्यांना न विचारता मोठा झाला. “बुडता बुडता वाचलो!”

“कोण बोललं ते?” साहेब म्हणाले.

“वारा असेल,” डॉक्टर म्हणाले.

“वारा ‘बुडता बुडता वाचलो’ म्हणाला?”

“इकडचा वारा तसा स्पष्ट आहे, साहेब.”

साहेबांनी बोटाने खूण केली. कुजबुजे बाहेर आले. पँट चिखलाने भरलेली, केसांत पाणकणसाचा कापूस, संहिता पाठीमागे. सगळी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती. इतक्या लोकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा.

“तुम्ही सांगा,” साहेब म्हणाले. “तुमचं काय नातं या तळ्याशी?”

कुजबुजेंनी विंगेकडे बघितलं. सवयीने. विंगेत कुणी नव्हतं. विंगेत ते स्वतः असायचे. ओठ हलले.

“काय? ऐकू येत नाही.”

पुन्हा हलले. डॉक्टर सारवासारव करायला पुढे झाले. आणि तेवढ्यात गर्दीतून, मागच्या रांगेतून, कपाळाला रुमाल बांधलेली एक बाई किंचाळली, “अहो, मोठ्याने!”

ती कुजबुजेंची बायको होती.

इतक्या वर्षांत ही आज्ञा त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी छाती भरून घेतली.

“मी रोज सकाळी इथे येतो!” ते म्हणाले, आणि समोरच्या इमारतीवरून आवाज परत आला. “मोठ्याने बोलायला! ग्रंथालयात बोलता येत नाही, नाटकात बोलता येत नाही, घरी हिचं डोकं दुखतं! हे तळं बुजवलंत तर मी कुठे बोलू? माझी आठवण-बिठवण काही नाही, साहेब! मी उद्या सकाळीपण येणारे, एवढंच!”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आत राजा होता, त्याचं सिंहासन गेलेलं होतं आणि दार उघडं होतं. कुजबुजे सरळ राजाच्या स्वगतात शिरले. लोक गार. डॉक्टरांचं तोंड पेशंटसारखं उघडं. आणि मग पाणकणसांची पाती हलली. डॉक्टरांच्या आवाजाला घाबरून पळालेल्या पाणकोंबड्या एकेक करून बाहेर आल्या, मागे काळी पिल्लं, आणि राजाच्या पायाशी निवांत चरू लागल्या. ओळखीच्या माणसाकडे आल्यासारख्या.

“बघा,” कुणीतरी म्हणालं. “अहो, बघा तरी!”

साहेब बघत होते. गुडघ्यांचं भान त्यांना राहिलं नव्हतं. गुडघ्यांना मात्र साहेबांचं होतं. ते मागे सरकले, चाचपले आणि त्या काळसर खडकावर बसले.

डब्ब, असा आवाज झाला.

सोसायटीने श्वास रोखला. पेंटरने डोळे मिटले. खडक करकरला, पण धरून राहिला.

“पोकळ आहे?” साहेबांनी विचारलं.

“ज्वालामुखीचा आहे, साहेब,” पेंटर डोळे न उघडता म्हणाला.

राजाचं स्वगत संपेपर्यंत साहेब तिथेच बसले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी खडकावरून मायेने हात फिरवला. “प्रशिक्षणात मला हे नुसतं सांगितलं होतं,” ते भरल्या आवाजात म्हणाले. “इथे बसल्यावर कळलं. आत कुठेतरी हललं. हे तळं राहणार. आणि हा दगड. याला कुणी हात लावायचा नाही. आतलं काहीच कुणी हलवायचं नाही.”

काय जल्लोष झाला त्या दिवशी! वहिनींनी यजमानांना मिठी मारली. बायको कुजबुजेंच्या शेजारी आली आणि काही म्हणाली. गोंगाटात त्यांना ऐकू आलं नाही. “मोठ्याने बोल,” ते म्हणाले, आणि दोघंही दचकली.

खात्याने शब्द पाळला. तळ्याभोवती उंच जाळीचं कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि ‘संरक्षित जागा, आत जाण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आली. पाटी पेंटरनेच रंगवली. निळ्यावर पांढरी, रंग आणून ठेवलेलाच होता. किल्ली साहेबांकडे राहिली आणि साहेबांची बदली झाली. वहिनींचे यजमान रोज संध्याकाळी जाळीशी उभे राहून आपण फूल दिलेली जागा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. रंग पाण्याने जाणारा निघाला, रद्दी भिजून गळून गेली, आणि आता खडकाच्या जागी गुलाबी कमोड स्वच्छ दिसतो. तो हलवायला मनाई आहे.

कुजबुजे रोज सकाळी कुंपणाबाहेर उभे राहतात. मधलं अंतर वाढल्यामुळे आवाज आणखी चढवावा लागतो. पाणकोंबड्या जाळीपर्यंत येतात. गळ्याला तीच सवय लागली. मंडळाच्या नव्या नाटकात त्यांनी पुरवलेलं प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि मध्यंतरानंतर प्रेक्षक पहिल्यांदाच बसून राहिले. नटाला ते बरोबर म्हणता येतंय का, हे त्यांना बघायचं होतं.

तळ्यात आता कुणी काहीही टाकत नाही. डॉक्टरांनी दिवाळखोरीत निघालेल्या दुकानातून स्वस्तात फरशा मिळाल्या म्हणून दुसरं बाथरूमही नवं करून घेतलं. त्याचा कमोड बसथांब्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर पडला आहे. तिथे कुणाचीही आठवण नाही.